जमाखर्च ऐकायला कंटाळलेला राजा

आम्ही बचत गटांच्या समन्वयक. महिनाभर या गावातून त्या गावात, कधी समाजमंदिरात, कधी कोणाच्या ओसरीवर, कधी निंबाखाली, गटांच्या बैठकांना बसतो. प्रत्येक बैठकीत एक वेळ अशी येतेच. प्रार्थना होते, हजेरी होते, बचत गोळा होते आणि सचिव ताई जमाखर्च वाचायला वही उघडतात. लगेच एकीला जांभई येते. दुसरी नातवाला थोपटायला लागते. तिसरी म्हणते, "झालं ना वो ताई? मले सोयाबीन सोंगाले जा लागते." आणि मागून कोणीतरी निकाल देऊन टाकते, "बरोबरच असन, काय वाचतं!" सगळ्या माना डोलावतात आणि वही बंद होते.

आज आम्ही तुम्हाला अशाच एका राजाची गोष्ट सांगणार आहोत. जमाखर्च ऐकायला तो कंटाळला आणि राज्य घालवून बसला. गोष्ट आपल्या विदर्भातली आहे. काही मोठ्या अभ्यासकांच्या मते तर ती आपल्या वाशीमचीच आहे. सुमारे तेराशे वर्षांपूर्वी लिहिलेल्या एका पुस्तकात ती आली आहे. तिच्यात हसू आहे, प्रवास आहे, सोंगं आहेत, विष आहे आणि शेवटी लग्नही आहे.

पुस्तकाचं नाव 'दशकुमारचरित', म्हणजे दहा तरुणांच्या गोष्टी. लिहिणारा दंडी. तो सातव्या शतकाच्या सुमारास दक्षिणेत कांचीला, पल्लव राजांच्या दरबारी होता. पुस्तक संस्कृतात आहे, पण पोथीसारखं गंभीर अजिबात नाही. एक राजकुमार हरवतो. त्याचे नऊ मित्र त्याला शोधायला देशोदेशी पांगतात. पुढे सगळे एकत्र भेटतात आणि जो तो आपल्यावर काय काय गुदरलं ते सांगतो. कोणी जुगाऱ्यांत सापडलेला, कोणी चोरी करून प्रेम जमवलेला, कोणी समुद्रावर भटकलेला. आज आपण कादंबरी म्हणतो तसंच हे पुस्तक, आणि तेही हसवणारं.

आधी त्यातली एक छोटी गंमत सांगतो, म्हणजे दंडीची नजर कळेल. कांचीचा एक सावकारपुत्र, नाव शक्तिकुमार. बायको हवी, पण संसार करणारी हवी. म्हणून हा ज्योतिषाचं सोंग घेऊन, धोतराच्या पदरात मापभर धान बांधून गावोगाव हिंडतो. मुलगी दिसली की विचारतो, "एवढ्या धानात मला पोटभर, रीतसर जेवण घालशील?" घरोघर लोक त्याला हसून हाकलतात. शेवटी कावेरीकाठी एका गरीब घरातली मुलगी भेटते, गोमिनी. ती ते धान उन्हात हलवून वाळवते. तूस न मोडता हलक्या हाताने दाणे वेगळे करते. मग दाईला सांगते, हे तूस सोनारांना विक, दागिने उजळायला त्यांना लागतं. त्या पैशांत सरपण, मडकं आणि दोन परळ येतात. भात शिजल्यावर ती लाकडं पाण्याने विझवते आणि तो कोळसाही विकते. त्यात भाजी, तूप, दही, तेल, आवळा आणि चिंच येते. पाहुण्याला आधी तेल लावून अंघोळ, मग केळीच्या पानावर आधी पेज, मग तूप घातलेला भात, शेवटी दही-ताक. शक्तिकुमार तिच्याशी लग्न करतो आणि पुढे सगळं घर तिच्याच हाती सोपवतो.

मैत्रिणींनो, तूस आणि कोळसा विकून भाजी आणणारी ही गोमिनी आणि आता ज्याची गोष्ट सांगतो तो राजा, दोघेही एकाच पुस्तकात आहेत. हे लक्षात ठेवा.

गोष्ट शेवटच्या प्रकरणात येते. विदर्भात पुण्यवर्मा नावाचा चांगला राजा होता. तो वारल्यावर मुलगा अनंतवर्मा गादीवर बसला. हुशार होता, गाण्यात, चित्रात, काव्यात तरबेज होता. फक्त राज्य कसं चालवायचं हे शिकायचा त्याला कंटाळा. वसुरक्षित नावाचा म्हातारा मंत्री एक दिवस त्याला म्हणाला, बाळा, बुद्धी कितीही असली तरी राजनीती शिकलास नाही तर ती तापवून न घडवलेल्या सोन्यासारखी राहील. राजाला ते पटलं. तो आत गेला आणि बायकांत सहज ते बोलून बसला. तिथे विहारभद्र नावाचा एक लाडका खुषमस्कऱ्या होता. नाचगाण्यात पटाईत, लोकांची उणीदुणी काढण्यात त्याहून पटाईत. तो हसत हसत सुरू झाला.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या दिवसाचे आठ भाग आणि रात्रीचे आठ भाग पाडून प्रत्येकाला काम नेमून दिलं आहे. विहारभद्राने त्या वेळापत्रकाचीच टर उडवली. त्याचं म्हणणं आमच्या शब्दांत सांगतो. सकाळी उठून तोंड धुतलं नाही तोच दिवसाच्या पहिल्या भागात सगळा जमाखर्च ऐकायचा. आणि राजा ऐकत असतानाच लबाड अधिकारी दुपटीने चोरतात! चाणक्याने पैसे खायचे चाळीस प्रकार सांगितले, तर ते आपल्या अकलेने त्याचे हजार करतात. दुसऱ्या भागात प्रजेची भांडणं ऐकून कान जळतात. तिसऱ्या भागात जेवण, पण अन्न जिरेपर्यंत विषाची धास्ती सुटत नाही. पुढे मसलत, सैन्याची पाहणी, हेरांच्या भेटी. रात्री झोपायला मिळालं तरी चिंतेने डोळा लागत नाही. एवढं करून मिळवायचं काय? आणि हे शास्त्र शिकता शिकता म्हातारपण येईल ते वेगळंच. महाराज, तुमच्याकडे हत्ती आहेत, घोडे आहेत, खजिना आहे. मजा करा!

अनंतवर्मा पोट धरून हसला. आणि खरं सांगायचं तर वाचताना आम्हीही हसलो. कारण विहारभद्र पूर्ण खोटं बोलत नाही. हिशोब ऐकणं कंटाळवाणं असतंच. ऐकत असतानाही चोरी होऊ शकते, हेही खरं. फक्त त्यावरून त्याने काढलेला अर्थ उलटा आहे. ऐकताना चोरी होते म्हणून ऐकणंच सोडा, असं तो सांगतो.

पुढे व्हायचं तेच झालं. शेजारच्या अश्मक देशाच्या वसंतभानू राजाने डाव टाकला. त्याच्या मंत्र्याचा मुलगा चंद्रपालित बापाने हाकलून दिल्याचं सोंग करून विदर्भात आला. सोबत गाणारे, नाचणारे आणि त्यांच्यात मिसळलेले हेर. शिकार, जुगार, दारू या सगळ्यांचे गुण तो राजाला समजावू लागला. जुगारात म्हणे माणूस पैशाची रास गवताच्या काडीसारखी सोडून द्यायला शिकतो, केवढं औदार्य! राजाचं बघून अधिकारी तसेच वागू लागले आणि अधिकाऱ्यांचं बघून प्रजा. येणारा पैसा आटला, जाणारा वाढला. मग वसंतभानूने वनवासीच्या राजाला चढाईला उठवलं. कोकण, नाशिक, कुंतल इकडचे मांडलिक आतून फोडले. ऐन लढाईत ते उलटले आणि अनंतवर्मा मारला गेला. लुटीवरून वसंतभानूने त्या राजांचंही आपसात भांडण लावलं आणि सगळं स्वतःच्या घशात घातलं.

आता गोष्टीत बाई येते. राजाची राणी वसुंधरा. पदरात तेरा वर्षांची मुलगी मंजुवादिनी आणि तिच्याहून लहान मुलगा भास्करवर्मा. म्हातारा वसुरक्षित या तिघांना घेऊन निघाला आणि वाटेतच तापाने गेला. राणी मुलांसह माहिष्मतीला, म्हणजे नर्मदेकाठी, सावत्र दिराच्या आश्रयाला पोचली. त्या मित्रवर्म्याने आसरा दिला आणि तिच्यावरच वाईट नजर टाकली. तिने त्याला झिडकारलं. मग त्याला वाटू लागलं, हिला मुलाला गादीवर बसवायचं आहे, तेव्हा पोराचाच काटा काढू. राणीला कुणकुण लागली. तिने एका म्हाताऱ्या सेवकाला हाताशी धरलं, नालीजंघ त्याचं नाव. म्हणाली, याला घेऊन कुठेही जा, पण जिवंत ठेव, आणि जमलं तर मला कळव.

नवरा गेला, घर सुटलं, सासरच्या माणसाने हात धरायला पाहिलं आणि पोटचं पोर दुसऱ्याच्या हवाली करावं लागलं. यातलं एखादं तरी आपल्यापैकी कोणी ना कोणी पाहिलेलं आहे. म्हणून इथे आम्हाला हसू येत नाही.

दंडी मात्र गोष्ट पुन्हा वळवतो. विंध्याच्या रानात आठेक वर्षांचा एक मुलगा विहिरीकाठी रडतो आहे. त्याला तहान लागली म्हणून पाणी काढायला गेलेला म्हातारा विहिरीत पडला आहे. तिथे दहा तरुणांपैकी एक, विश्रुत, येऊन पोचतो. वेलीने म्हाताऱ्याला वर ओढतो, बांबूच्या नळीने मुलाला पाणी काढून देतो, झाडावरची फळं पाडून खायला घालतो. बोलता बोलता नातंही निघतं. मुलाच्या आईचं आणि विश्रुताच्या बापाचं आजोळ एकच! आपल्याकडे एसटीत दोन अनोळखी बाया बसल्या की कारंज्यापासून रिसोडपर्यंत नातं काढतात, तसंच.

मग विश्रुत बेत सांगतो आणि म्हातारा तो राणीपर्यंत पोचवतो. मुलाला वाघाने खाल्लं अशी हूल उठवायची. राणीने दिराला होकार दिल्यासारखं करायचं. बचनागाच्या विषात बुडवलेला हार हाती घेऊन त्याच्या छातीवर नि तोंडावर मारायचा आणि म्हणायचं, मी पतिव्रता असेन तर हा हार तलवारीसारखा लागो. नंतर तोच हार विषावरच्या औषधाने धुऊन मुलीच्या गळ्यात घालायचा. दीर मरतो, मुलीला काही होत नाही, आणि सगळं गाव राणीच्या पायाशी येतं. मंजुवादिनीशी जबरदस्तीने लग्न करू पाहणाऱ्या प्रचंडवर्म्याला विश्रुत डोंबाऱ्यासारखे खेळ करता करता सुरी फेकून मारतो. शेवटी नर्मदेकाठच्या विंध्यवासिनीच्या देवळात मूर्तीच्या बैठकीखाली मुलाला घेऊन लपतो. राणीने आधीच सांगून ठेवलेलं असतं की देवीने स्वप्नात येऊन मुलगा परत देण्याचं वचन दिलं आहे. लोक देऊळ रिकामं असल्याची खात्री करून दार लावतात, वाजंत्री वाजतात, आणि दोघे बाहेर येतात. विश्रुताचं मंजुवादिनीशी लग्न लागतं. विदर्भ परत मिळवायची तयारी सुरू होते आणि तिथेच दंडीचं मूळ लिखाण तुटतं. पुढचा शेवट नंतर दुसऱ्या कोणीतरी जोडलेला आहे.

या प्रकरणाला नाव विश्रुताचं आहे. पण बघा, बेत सांगून विश्रुत स्मशानात जोग्याच्या वेषात बसला होता. विषारी हार हातात धरून, एकटी, त्या दिरासमोर उभी राहिली ती वसुंधरा. जराही हात थरथरला असता तर ती गेली असती, मुलगीही गेली असती. पुस्तकात तिच्या हिमतीला दोन ओळी मिळतात. तीच गोष्ट आम्ही आज तिच्या बाजूने सांगतो आहोत.

आता तुम्ही म्हणाल, यात वाशीम कुठे आलं? खरं आहे, पुस्तकात वाशीमचं नाव नाही, फक्त विदर्भ आहे. पण आपलं वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म. वाकाटक राजांच्या एका शाखेची ही राजधानी. ती सर्वसेनाने वसवली. तो स्वतः कवी होता. त्याचं 'हरिविजय' हे प्राकृत काव्य आज हरवलं आहे, पण त्याचा विषय माहीत आहे. रुसलेल्या सत्यभामेसाठी श्रीकृष्णाने स्वर्गातून पारिजात आणला, तो. १९३९ साली वाशीमला या घराण्याचा एक ताम्रपट सापडला. सर्वसेनाचा मुलगा विंध्यशक्ती याने आपल्या राज्याच्या ३७ व्या वर्षी वत्सगुल्मातून नांदेडकडचं एक गाव दान दिल्याची त्यात नोंद आहे. वाशीमजवळच्या हिस्से बोराळ्याला देवसेन राजाच्या काळचा शिलालेख मिळाला. शके ३८०, म्हणजे इसवी सन ४५८. स्वामिल्लदेव नावाच्या माणसाने 'सुदर्शन' नावाचा तलाव बांधल्याचं त्यात लिहिलं आहे. राजाच्या काळात पाण्याचं काम झालं, ते दगडावर लिहून ठेवलं, म्हणून आज आपल्याला कळतं.

या देवसेनाचा मुलगा हरिषेण, घराण्यातला सर्वांत बलाढ्य राजा. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं १६ नंबरचं लेणं कोरवून घेतलं. त्या लेण्यातल्या लेखात राजांची वंशावळ आहे. देवसेनाने राज्याचा भार हस्तिभोज या चांगल्या मंत्र्यावर टाकला आणि स्वतः सुखोपभोगात रमला, असं त्यातच कोरलेलं आहे. मंत्री चांगला होता म्हणून त्या वेळी निभावलं. हरिषेणानंतर मात्र इसवी सन ५०० च्या आसपास हे घराणं एकदम दिसेनासं होतं. ताम्रपट नाही, शिलालेख नाही, काहीच नाही.

नागपूरचे थोर संशोधक वा. वि. मिराशी यांनी ही मोकळी जागा आणि दंडीची गोष्ट एकमेकांशेजारी ठेवून पाहिली. पुण्यवर्मा म्हणजे हरिषेण आणि अनंतवर्मा म्हणजे त्याचा मुलगा असावा, असं त्यांनी मांडलं. अजिंठ्यासाठी आयुष्य दिलेले अमेरिकन अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांनीही या प्रकरणाला इतिहासाचा आधार मानलं. काही जण म्हणतात, कादंबरी ती कादंबरी, तिच्यावर एवढा भार टाकू नये. तेही रास्तच आहे. आम्ही एवढंच म्हणू की ताम्रपट हा पुरावा आहे आणि गोष्ट ही आठवण आहे. जिथे पुरावा संपतो तिथे लोकांनी आठवण जपली. आणि त्या आठवणीत वाशीमसारख्या राजधानीच्या पडण्याचं कारण म्हणून न ऐकलेला जमाखर्च आहे.

वाकाटकांच्याच दुसऱ्या शाखेत, रामटेकजवळच्या नंदिवर्धनला, खरोखर एक विधवा राणी होऊन गेली. प्रभावतीगुप्ता. नवरा गेला तेव्हा मुलं लहान होती. तिने मुलाच्या नावाने वर्षानुवर्षं कारभार पाहिला आणि दानाचे ताम्रपट स्वतःच्या नावाने दिले. त्यांत तिने माहेरचा वंशही लिहवला. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तिचा एक ताम्रपट मिळाला आहे. गोष्टीतल्या वसुंधरेला खरेपणा सिद्ध करायला विषाचा हार लागला. प्रभावतीला लागला नाही, कारण तिचं लिहिलेलं होतं.

आता वहीकडे वळतो. हे सांगायला आम्हाला जड जातं, पण सांगतो. आमच्या भागातल्या एका गटात अशीच एक मैत्रीण आहे. नवरा गेलेला, दोन लेकरं, सासरच्यांनी वावरातून हात झटकलेले. तिने शेळ्यांसाठी गटातून कर्ज घेतलं होतं. दिवाळीनंतर वही काढली तर तिचे चार हप्ते थकलेले दिसले. ती म्हणाली, मी भरले. वहीत नव्हते. सचिव ताईंनी नंतर लिहू म्हणून ठेवलं आणि सात महिने जमाखर्च कोणी मोठ्याने वाचला नव्हता. "बरोबरच असन" म्हणून माना डोलावल्या होत्या. त्या वहीवर दर महिन्याला आमचीही सही होती. न वाचता केलेली.

कोणीतरी बोललंच, एकटी बाई आहे, अडचणीत खोटं बोलली असेल. ती काही न बोलता आम्हाला घरी घेऊन गेली. तिला लिहिता येत नाही. दाराच्या मागच्या भिंतीवर कोळशाच्या चार रेघा होत्या. पहिली पोळ्याची, दुसरी गौरी-गणपतीची, तिसरी दसऱ्याची, चौथी दिवाळीची. आम्ही सगळ्या परत बसलो आणि बँकेच्या भरणा पावत्या जुळवल्या. तीन हप्ते सापडले. चौथा कुठेच नव्हता. मग गटाने ठरवलं की तो आपण सगळ्यांनी वाटून भरायचा, कारण न ऐकण्याची चूक सगळ्यांची. आमचा वाटा आम्हीही दिला. पण गावात दोन महिने तिच्याकडे लोक ज्या नजरेने बघत होते, ते भरून देता आलं नाही.

म्हणून मैत्रिणींनो, नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब या आपल्या पंचसूत्रीतलं शेवटचं सूत्र शेवटी आलं म्हणून हलकं नाही. आमच्या गटांनी आता एक रीत पाडली आहे. जमाखर्च बैठकीच्या शेवटी नाही, हजेरी झाली की लगेच वाचायचा. दर वेळी वेगळ्या बाईने वाचायचा. जिला वाचता येत नाही तिने आपला आकडा तोंडाने सांगायचा आणि बाकीच्यांनी तो वहीत पडताळायचा. कोणी जांभई देत "काय वाचतं" म्हणालं की आम्ही तिला एकच नाव ठेवतो, "आली बाई विहारभद्राची बहीण!" सगळ्या हसतात, आणि तीही हसते. मग वाचन पुढे चालू राहतं.